पॅराशूटच्या कापडाची खळ

आधी कापड फाडून दाखवा, मग मला शिकवा. हे असं सुरुवातीलाच बोलून टाकलेलं बरं, कारण इंदूरमधल्या माझ्या दुकानात येणारा प्रत्येक भिया, म्हणजे इथला भैया, काउंटरला टेकून पहिल्यांदा मला कापडाचं ज्ञान देतो. माझं वय छप्पन्न. त्यातली सव्वीस वर्षं मुलींच्या शाळेत शिवणकाम शिकवण्यात गेली. तरी तिशीतला कुणीतरी येतो आणि म्हणतो, "आंटी, मजबूत चाहिए तो मोटा कपड़ा लगाओ." मोटा म्हणजे मजबूत! ह्या हिशोबानं गोधडीचा तंबू करायला हवा.

मी वाद घालत नाही. कपाटातून हातभर पॅराशूटचं कापड काढते, कडेला कात्रीनं बोटभर चीर देते आणि त्याच्या हातात देते. "लो भिया, फाड़ो." तो हसत हसत ओढतो. चीर जरा पुढे सरकते आणि अडते. तो दोन्ही मुठी आवळून ओढतो, दात खातो, मित्राला हाक मारतो. मित्रही ओढून बघतो. तेवढ्यात मी माझा चहा पिऊन घेते.

बाजारात ह्याला पॅराशूटच म्हणतात. कंपनीच्या कागदावर रिपस्टॉप लिहिलेलं असतं. उजेडासमोर धरलं की त्यात बारीक चौकडी दिसते. पातळ नायलॉनच्या विणीत दर थोड्या धाग्यांनंतर एक जाड धागा घातलेला असतो, उभाही आणि आडवाही. साध्या पातळ कापडाला एकदा चीर पडली की ती सरसर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते. ह्यात ती पहिल्या जाड धाग्याशी येऊन थांबते. बाकी कापड ओढणीइतकं हलकं, घडी केली तर पिशवीच्या खिशात मावेल. म्हणून तंबूला हेच, पतंगाला हेच, पाठीवरच्या पिशव्यांना हेच. जाडीचा ह्यात काडीचा संबंध नाही. पण हे पुरुषांना सांगून पटत नाही, मुठीनं ओढून पटतं.

दुकान बाबांचं. राजवाड्याकडून आत वळणाऱ्या एका गल्लीत, दोन चपलांच्या दुकानांच्या मधे, जेमतेम दोन खाटा मावतील एवढं. बाबा तिथे रिक्षांचे हूड शिवायचे, जीपची छतं शिवायचे, टेम्पोच्या ताडपत्र्या जोडायचे. आमच्या नातेवाइकांना ह्याची भारी लाज. इंदूरची मराठी माणसं म्हणजे नोकरदार, कुणी शिक्षक, कुणी ऑफिसात, कुणी बँकेत. त्यात हा एक हूडवाला. लग्नाकार्यात बाबांची ओळख करून देताना माझे मोठे काका म्हणायचे, "हे आमचे बंधू, ऑटोमोबाईलमध्ये आहेत." आणि पणजोबांविषयी सांगायचे की ते संस्थानच्या फरासखान्याचे दरोगा होते. बाबा तिथल्या तिथे हसत सांगायचे, "कसले दरोगा? तंबू शिवायचे. माझ्यासारखेच." काकांचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. मला बाबा तेव्हा फार आवडायचे.

बाबा गेले त्याला आता दोन वर्षं होतील. सहा महिने शटर बंदच होतं. उजवीकडच्या चपलावाल्या सेठजींना मधली भिंत पाडून आपलं दुकान मोठं करायचं होतं, आणि माझ्या धाकट्या भावालाही ते पसंत होतं. तो बँकेत आहे, बायपासपलीकडच्या कॉलनीत राहतो, आई त्याच्याकडेच असते. शाळेनं तेव्हा शिवणकामाचा विषयच बंद केला होता आणि मी घरी बसून कंटाळले होते. मी म्हटलं, मी बसते दुकानात. तो हसला. "ताई, हूड आता कंपनीतूनच लागून येतात. कोण येणार तुझ्याकडे?" मी म्हटलं, हूड नाही शिवणार. पिशव्या, गाड्यांची कव्हरं, तंबू, जे उन्हापावसात वापरतात ते सगळं शिवीन. तो म्हणाला, "बरं, एक वर्ष बसून बघ. पुढच्या संक्रांतीपर्यंत. नाही जमलं तर सेठजींना देऊन टाकू, मग कटकट नको."

मी त्याला चक्क थँक्यू म्हटलं. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते.

आमच्या ह्यांना विचारलं, तर ते म्हणाले, "तुझं तू बघ." हे त्यांचं लग्नापासूनचं वाक्य आहे. त्याचा अर्थ होकार असतो की नकार, ते मला तीस वर्षांत कळलेलं नाही. मी होकार धरून चालते.

झालं, बसले. बाबांचं जड मशीन साफ करून घेतलं. सुरुवातीला घरोघर जेवण पोचवणारी पोरं यायची. त्यांच्या पाठीवरच्या पिशव्या कोपऱ्यात घासून भोकं पडतात. तिथे मला पहिला धडा मिळाला. पॅराशूट फाटत नाही, पण सतत घासलं तर झिजतं. म्हणून बुडाला जाड नायलॉन लावायचं, ज्याला बाजारात मॅटी म्हणतात, आणि वर पॅराशूट. कापलेली कड नुसती सोडली तर दोरे सुटतात, म्हणून गरम सळईनं कड डागून घ्यायची. सुई बारीक हवी. टाके फार जवळ घातले तर पोस्टाच्या तिकिटाला भोकं असतात तसं होतं आणि मग ते न फाटणारं कापड नेमकं शिवणीवरच फाटतं. हे मला कुणी शिकवलं नाही. बिघडवून बिघडवून शिकले. हातोदच्या बाजारात भाजी लावणाऱ्या एका बाईला डोक्यावर ताणायला छत करून दिलं, तर ती चार महिन्यांनी आणखी दोघींना घेऊन आली. म्हणाली, "प्लास्टिक तो हर महीने फटता था." मला त्या दिवशी घरी जाताना रिक्षात गाणं म्हणावंसं वाटत होतं.

पण भावाच्या मते हे सगळं टाइमपास होतं. फोनवर विचारायचा, "ढंगाची ऑर्डर आली का एखादी?"

आली. डिसेंबरात आली. शनिवार-रविवारी पोरांना जंगलात फिरायला नेणारा एक ग्रुप आहे, त्याची म्होरकी पंचविशीतली मुलगी. तिच्याकडे सहा तंबू होते. आतले तंबू चांगले, पण त्यांच्यावर पावसासाठी जी छतं ताणतात, ती सगळी वाऱ्यानं चिरली होती. जुनी बनावट, कंपनी आता नुसती छतं विकत नाही. "आंटी, छे बना दोगे? जनवरी में चोरल के जंगल में कैंप है. हवा बहुत रहती है उधर. और पानी नहीं टपकना चाहिए." मी म्हटलं, "हओ बेटा, एक बूँद नहीं टपकेगा." भावाला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "हे सहा नीट जमले तर संक्रांतीनंतरचं बोलू. नाहीतर ताई, तू स्वतःच समजून घे." म्हणजे माझं दुकान त्या सहा छतांवर टांगलं गेलं. मी ते कबूलही केलं.

ठोक बाजारातून उत्तम पॅराशूट आणलं, हिरवं, आतल्या बाजूनं चकचकीत. घरी आणलं तेवढ्यात आईचा फोन. ती रोज दुपारी करते. "काय शिवतेस गं?" म्हटलं, तंबूची छतं. आईचा पुढचा प्रश्न ठरलेला. "कापड पाण्यातून काढलंस ना?"

आता हे आमच्याकडे वेदवाक्य आहे. कोरं कापड पाण्यातून काढल्याशिवाय त्याला कात्री लावायची नाही. ब्लाऊजपीस असो, लेंग्याचं असो, उशीच्या अभ्र्याचं असो. नाहीतर पहिल्या धुण्यात आटतं आणि मग बोंब मारत बसा. बाबासुद्धा हूडाचं कॅनव्हास ड्रमात रात्रभर भिजवायचे. न भिजवता शिवलं तर पावसानं आटून ते रिक्षाच्या सांगाड्यावर बसायचंच नाही. सव्वीस वर्षं मी मुलींना वहीत पहिल्या पानावर हेच लिहायला लावलं होतं, आणि जी न धुता कापड आणेल तिला परत पाठवत होते. त्यामुळे मी विचार केलाच नाही. हा विचार करायचा विषय आहे असंच मला वाटलं नाही.

बाल्कनीत ड्रम ठेवला. कडकडीत पाणी, मूठभर मीठ, आणि कापडाला रॉकेलसारखा वास येत होता म्हणून धुण्याची पावडरही घातली. रात्रभर भिजवलं. सकाळी चोळायला घेतलं तर हाताला पांढरं पांढरं लागू लागलं, पातळ सालीसारखं. मला इतका आनंद झाला! म्हटलं, बघा, खळ निघतेय. नव्या कापडाला खळ असतेच, ती निघाली की कापड मोकळं होतं. मग काय, मी ब्रश घेतला आणि आणखी घासलं. पाणी पिठासारखं झालं. वाळल्यावर सुरकुत्या होत्या म्हणून इस्त्री फिरवली, सुती कापडाला ठेवतात तेवढी गरम. इस्त्रीला काहीतरी चिकटत होतं. ते मी चाकूनं खरवडून काढलं आणि स्वतःशीच म्हटलं, "किती खळ घालतात मेले!"

कापड खरंच मऊ झालं होतं. चीर देऊन ओढून पाहिलं, जाड धाग्याशी अडली. मी खूश. सहा दिवसांत सहा छतं शिवली. सरळ शिवणी, डागलेल्या कडा, कोपऱ्यांना दुहेरी पट्ट्या. ती मुलगी न्यायला आली तेव्हा हात फिरवून म्हणाली, "क्या बात है आंटी!"

जानेवारीत मावठा आला. आमच्याकडे थंडीत एखादी फेरी होतेच पावसाची, त्याचं काही नवल नाही. सकाळी आठला तिचा फोन. मी पोह्यांना फोडणी देत होते.

"आंटी, सब भीग गए. बच्चे, बिस्तर, सब. गाँव के स्कूल के बरामदे में बैठे हैं."

मी विचारलं, "फटा क्या?"

"फटा नहीं. टपका. पूरे कपड़े में से टपका. छलनी जैसे."

गॅस बंद केला. खोटं कशाला सांगू, मला लाज वाटली. पोरं कुडकुडत बसलेली डोळ्यांपुढे आली. एक बूँद नहीं टपकेगा, म्हणाले होते मी, माझ्याच तोंडानं. मग राग आला, आणि तो काढायला मी कापडवाल्याला फोन लावला. चांगलं फैलावर घेतलं त्याला. कसलं कापड दिलंत, लाज नाही वाटत का, बाई बघून माल खपवता. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बहनजी, धोया था क्या?"

"हाँ, धोया."

"गरम पानी से?"

"हाँ."

"प्रेस भी किया?"

"किया."

तो अगदी हळू, आजाऱ्याशी बोलावं तसं बोलला, "बहनजी, इसको कौन धोता है?"

"हम धोते हैं," मी म्हटलं, आणि फोन ठेवला.

मग बसून समजून घेतलं, जे मला आधी समजून घ्यायला हवं होतं. चौकडीची वीण फक्त फाटणं अडवते. पाणी अडवण्याचं काम तिचं नाहीच. पाणी अडवतो तो आतल्या बाजूचा लेप, तो चकचकीतपणा. मी जी खळ म्हणून आनंदानं घासून काढली, इस्त्रीवरून खरवडली, तोच हा लेप होता. सुती कॅनव्हासचं उलटं असतं. ते ओलं झालं की धागे फुगतात, भोकं बुजतात आणि पाणी आपोआप अडतं. त्याला भिजवणं बरोबर. नायलॉन फुगत नाही, आटतही नाही, त्याला पाण्यातून काढायची काही गरजच नव्हती. मी मगभर पाणी एका उरलेल्या तुकड्यावर ओतून पाहिलं. खालून धार लागली. चिरून ओढलं तर मात्र फाटता फाटेना.

दुपारी ती मुलगी सहाही छतं घेऊन दुकानात आली. बूट अजून ओले. माझ्याकडे एक सोपा रस्ता होता, कापडवाल्याच्या नावानं बिल फाडायचं. तिला काय कळलं असतं? पण मी म्हटलं, "कपड़ा ठीक था. गलती मेरी है. मैंने धो दिया. छे के छे नए बना के दूँगी." तिनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ओरडेल. ती म्हणाली, "आंटी, बाजू में दूसरा ग्रुप था. हवा में उनके तीन टेंट चिर गए. आपका एक भी नहीं चिरा." आणि जाताना दारातून म्हणाली, "बस, अबकी बार धोना मत."

मी आईला सगळं सांगितलं. आईनं भावाला सांगितलं. संक्रांतीच्या दोन दिवस आधी तो दुकानात आला, हातात प्लास्टिकची फाईल. मी नव्या कापडावर खडूनं माप टाकत होते. तो स्टुलावर बसला, इकडेतिकडे बघितलं आणि सुस्कारा सोडला.

"ताई, बघितलंस ना? मी सांगत नव्हतो? बाबा असते तर असं झालं असतं का?"

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "बाबांनी एकदा एका जीपच्या छताची खिडकी उलट्या बाजूला शिवली होती, आठवतं? गाडीवाला गल्लीभर ऐकू जाईल असा ओरडत होता. बाबांनी त्याला चहा पाजला, शिवण उसवली, परत शिवून दिली. त्या दिवशी कुणी बाबांना म्हटलं का, की दुकान बंद करा? त्यांच्या हातून झाली ती चूक, आणि माझ्या हातून झाली तर तो निकाल, असं का?"

"तू लगेच भांडायला लागतेस."

"लागते. पुन्हा चूक झाली तर पुन्हा उसवीन, पुन्हा शिवीन आणि पुन्हा भांडीन."

त्यानं फाईलमधून कागद काढून माझ्या कापडावर ठेवला. "सेठजी तयार आहेत. इथे सही कर, म्हणजे मोकळी होशील तू पण."

कागद वाचला. वर हिंदीत लिहिलं होतं, हक त्याग. खाली आईची सही होती. तिची सही मी ओळखते, शेवटचं अक्षर कापरं झालंय हल्ली. रोज दुपारी फोन करते, काय शिवलंस, काय खाल्लंस, सगळं विचारते. हे एक सांगायचं राहून गेलं तिच्याकडून. तिच्या सहीखाली माझं नाव टाईप केलेलं, आणि पुढे रिकामी जागा.

मी विचारलं, "माझी सही कशाला लागते? दुकान तुमचं ना?"

"अगं, फॉर्मॅलिटी आहे. बाबांच्या मागे तिघांच्या नावावर येतं ते. आई, मी आणि तू. तुझा हिस्सा तू सोडतेस, एवढंच लिहिलंय."

"म्हणजे माझाही हिस्सा आहे?"

"कागदावर आहे ना, ताई."

"कधीपासून?"

"कधीपासून म्हणजे? बाबा गेले तेव्हापासून."

हातातला खडू मी खाली ठेवला. वर्षभर मी ह्याच्या परवानगीनं शटर उघडत होते. ह्यानं दिलेल्या मुदतीत घाबरत घाबरत टाके घालत होते. सहा छतांवर दुकान टांगायला निघाले होते, जे टांगायचा ह्याला हक्कच नव्हता. छप्पन्न वर्षांत ह्या घरानं मला माझ्या हिश्श्याविषयी पहिल्यांदा सांगितलं, आणि सांगितलं ते तो सोडून दे म्हणून.

कागदाची घडी घातली आणि त्याच्या फाईलमध्ये परत ठेवली. म्हटलं, "मी नाही करत सही."

"ताई, घरात उगाच वाईटपणा येईल."

"येऊ दे."

"आईला काय सांगू?"

"सांग, नाही म्हणाली म्हणून. मराठीत सांग, लगेच कळेल तिला."

तो उठला. शटरखालून वाकून बाहेर पडता पडता थांबला आणि विचारलं, "मग बसणार तरी कधीपर्यंत आहेस इथे?"

मी म्हटलं, "आपल्या दुकानात बसायला मुदत लागते का रे? बाबांना कुणी विचारली होती?"

तो गल्लीत उतरला. मी खडू उचलला. सहापैकी चार छतं अजून कापायची होती.